गोळी बदलली, गिऱ्हाईक तेच!

नशेचं औषध बाजारातून उचललं की नशा संपते, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेतल्या एका पेनकिलरची आणि आपल्या पालघरमध्ये बनलेल्या एका गोळीची गोष्ट मात्र काही वेगळंच सांगते...

रविवारचा मेगाब्लॉक आठवा. त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर दोन प्रकारचे लोक असतात. मित्रांबरोबर सहज मॉलमध्ये चक्कर मारायला निघालेला 'जाऊ दे रे, पुढच्या रविवारी बघू' म्हणत घरी परततो. पण ज्याची शिफ्ट आहे, परीक्षा आहे, ज्याचं माणूस हॉस्पिटलात आहे, तो परत जात नाही. तो रिक्षाला तिप्पट पैसे मोजतो, बसला लटकतो, नाहीतर सरळ रुळांतून चालायला लागतो. गाडी बंद झाली तरी त्याची गरज बंद होत नाही. प्रवास फक्त जास्त महाग आणि जास्त धोक्याचा होतो.

ड्रग्जच्या बातम्या वाचताना मला हा मेगाब्लॉक हमखास आठवतो. 'अमुक गोळीवर बंदी', 'तमुक सिरपचा साठा जप्त'. फोटोत टेबलावर रचलेली खोकी, मागे हाताची घडी घालून उभे असलेले अधिकारी. बातमी तिथंच संपते. कालपर्यंत ती गोळी रोज घेणारा माणूस आज संध्याकाळी काय करणार, हे त्यात कधीच नसतं. या प्रश्नाचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मिळतं अमेरिकेत. कारण तिथं २०१० साली, कुणी मुद्दाम प्रयोग लावावा तसा एक मेगाब्लॉक घडला.

बारा तासांची गोळी

आधी थोडी ओळख करून घेऊ. अफूच्या कुळातल्या सगळ्या औषधांना मिळून 'ओपिऑइड' म्हणतात. मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, हेरॉइन, फेंटानिल ही सगळी एकाच घरातली भावंडं. कुणी थेट अफूतून आलेलं, कुणी केमिकल फॅक्टरीत जन्मलेलं. आपण ज्याला 'गर्द' किंवा ब्राउन शुगर म्हणतो ते हेरॉइनचंच कच्चं, भेसळीचं रूप. ही औषधं दुखणं विसरायला लावतात आणि मेंदूला तो आराम फार लवकर आवडायला लागतो. काही आठवडे रोज घेतली की शरीर त्यांच्यावर अवलंबून राहतं. मग बंद केली की घाम, उलट्या, जुलाब, अंग मोडून येणं आणि रात्र रात्र झोप नाही. डोस जास्त झाला तर श्वास मंदावत मंदावत थांबतो. ओव्हरडोसनं मरण येतं ते असं.

१९९६ साली अमेरिकेत पर्ड्यू फार्मा या कंपनीनं 'ऑक्सिकॉन्टिन' नावाची गोळी बाजारात आणली. आतलं औषध याच कुळातलं, पण बारा तास हळूहळू सुटणारं. हळू सुटतं म्हणून व्यसनाचा धोका कमी, असा प्रचार कंपनीनं डॉक्टरांकडे केला. हा प्रचार दिशाभूल करणारा होता, हे २००७ साली कंपनीनं कोर्टात कबूल केलं आणि सुमारे ६० कोटी डॉलर मोजले. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. गोळीची पूड केली की बारा तासांचा माल एका झटक्यात मिळतो, हे लोकांच्या लक्षात आलं होतं.

ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीनं गोळीचं रूप बदललं. औषध तेच, डोस तोच, पण आता तिची सहज पूड होईना. पाणी लागलं की चिकट गोळा व्हायचा. दुखण्यासाठी नीट गिळणाऱ्या पेशंटला काहीच फरक नाही, नशा करणाऱ्याची मात्र पंचाईत. कल्पना झकासच होती! धंद्याच्या दृष्टीनंही वाईट नव्हती. २०१३ मध्ये जुन्या गोळीचं पेटंट संपण्याच्या सुमारास अमेरिकेच्या एफडीएनं त्या जुन्या रूपातल्या स्वस्त जेनेरिक गोळ्यांना मंजुरी देणार नाही असं जाहीर केलं. म्हणजे समाजसेवाही झाली आणि मार्केटही सांभाळलं गेलं.

पुढची गाडी हेरॉइनची

मग काय झालं? ऑक्सिकॉन्टिनची नशा खरंच कमी झाली. व्यसनमुक्तीच्या उपचारांना आलेल्यांचा एक अभ्यास २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. 'माझं मुख्य ड्रग ऑक्सिकॉन्टिन' म्हणणारे आधी ३५.६ टक्के होते. गोळी बदलल्यावर २१ महिन्यांत ते १२.८ टक्क्यांवर आले. कुठल्याही मंत्र्यानं प्रेस कॉन्फरन्स घ्यावी असा आकडा! पण त्याच अभ्यासात दोन्ही गोळ्यांचा अनुभव असलेल्यांना खोलात विचारलं, तेव्हा दोन तृतीयांश लोकांनी आपण दुसऱ्या ओपिऑइडकडे वळल्याचं सांगितलं. सगळ्यात जास्त वेळा आलेलं नाव होतं हेरॉइन.

मृत्यूंचे आकडे बघा. २०१० मध्ये अमेरिकेत हेरॉइनच्या ओव्हरडोसनं सुमारे ३ हजार माणसं गेली. २०१४ मध्ये साडेदहा हजार, २०१६ मध्ये १५ हजारांच्या वर.

आता तुमच्यातला एक्सेलवाला म्हणेल, दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं थोडंच आहे? बरोबर आहे. म्हणून अर्थशास्त्रज्ञांनी फार साधी पण हुशार तुलना केली. गोळी सगळ्या देशात एकाच वेळी बदलली. पण आधी काही राज्यांत तिची नशा खूप होती, काहींत कमी. दोष गोळी बदलण्याचा असेल, तर जिथं ती जास्त चालायची तिथं हेरॉइनचे मृत्यू जास्त वाढायला हवेत. तसंच निघालं. २०१० पर्यंत दोन्ही गटांतल्या राज्यांचे आलेख जवळपास बरोबरीनं चालत होते, त्यानंतर फाटले. ॲबी आल्पर्ट, डेव्हिड पॉवेल आणि रोझाली पॅक्युला यांचा हा अभ्यास २०१८ मध्ये आला. २०१९ मध्ये विल्यम एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या वाटेनं तोच हिशेब मांडला. गोळ्यांमुळे होणारे जेवढे मृत्यू टळले, साधारण तेवढेच हेरॉइननं झाले, असा त्यांचा निष्कर्ष. वर सुया वाटून घेण्यामुळे हेपेटायटिस सी वाढला, तो वेगळाच.

मला यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट कुठली वाटते सांगू? इथं कुणीही मूर्खपणा केला नव्हता. गोळी सुरक्षित करणं चूक कसं म्हणणार? नव्यानं नशेच्या वाटेला जाणाऱ्या कित्येक कॉलेजच्या पोरांना त्या कडक गोळीनं वाचवलंही असेल. मॉलमध्ये निघालेला तो घरी परतलाच. पण ज्याला पोचायचंच होतं तो रुळांवर उतरला. आणि गोळीत निदान किती मिलिग्रॅम आहे ते छापलेलं असतं. रस्त्यावरच्या पुडीत काय आहे, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं!

छोटं पाकीट, मोठा घात

पुढचा टप्पा आणखी वाईट. हेरॉइनसाठी शेती लागते, पाऊसपाणी लागतं, ट्रक लागतात. फेंटानिलला फक्त केमिकल्स लागतात. ते हेरॉइनच्या सुमारे ५० पट जोरदार. म्हणजे तेवढ्याच नशेसाठी ५० पट लहान पाकीट. नाकाबंदी जितकी कडक, तितका लहान आणि जोरदार माल फायद्याचा! दारूबंदीच्या काळात अमेरिकेत हेच झालं होतं. बिअरचे पिंप लपवणं अवघड, म्हणून कडक दारूच्या बाटल्या धावायला लागल्या.

याच काळात डॉक्टरही सावध झाले. अमेरिकेत २०१२ मध्ये दर १०० माणसांमागे ओपिऑइडच्या ८१ चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या. २०२० मध्ये त्या ४३ वर आल्या, जवळपास निम्म्या. ओपिऑइडनं होणारे मृत्यू निम्मे झाले का? ते सुमारे २३ हजारांवरून ६८ हजारांच्या वर गेले. २०२२ मध्ये एकट्या फेंटानिल आणि तत्सम कृत्रिम ओपिऑइडमुळे जवळपास ७४ हजार माणसं दगावली. वर्षभरात लहानसं शहर रिकामं व्हावं तसं.

चिठ्ठ्या कमी करताना ज्यांना खरंच दुखत होतं त्यांचीही फरफट झाली. वर्षानुवर्षं गोळ्यांवर असलेल्यांचे डोस काही डॉक्टरांनी एकदम तोडले. शेवटी एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला जाहीर इशारा द्यावा लागला, की असं अचानक बंद करू नका, त्यातून विड्रॉवल, तीव्र दुखणं आणि आत्महत्येपर्यंत गोष्टी जातात.

आपल्याकडची साखळी

'अमेरिकेचं अमेरिकेला लखलाभ, आपल्याकडे कुठे?' असं वाटत असेल तर जरा थांबा. आपल्याकडे ही गाडी स्टेशनं घेत घेत आली आहे.

पहिलं स्टेशन डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन. नाव जिभेवर बसणार नाही, पण 'स्पास्मो-प्रॉक्सिव्हॉन' ही निळी कॅप्सूल घरातल्या मोठ्यांना विचारा, पोटदुखीवरची म्हणून आठवेल. ईशान्येत, विशेषतः मिझोराममध्ये, मुलं त्यातली पावडर इंजेक्शननं घ्यायची. त्या पावडरीनं नसा चोंदायच्या, गळवं व्हायची, काहींचे हात-पाय कापावे लागले. मे २०१३ मध्ये केंद्र सरकारनं हे औषध बंद केलं. हृदयावरच्या दुष्परिणामांमुळे ते जगात इतरत्रही बंद होतच होतं. मग त्या ब्रँडचा नवा अवतार आला आणि त्याच्या आत होतं ट्रॅमाडॉल.

दुसरं स्टेशन ट्रॅमाडॉल. पंजाबात शेतमजुरांपासून ट्रक ड्रायव्हरपर्यंत ते पसरलं. एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. एकदा कमरेत उसण भरली तेव्हा मला डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी ते लिहून दिलं होतं. केमिस्टनं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, रजिस्टरमध्ये माझं नाव, डॉक्टरांचं नाव आणि गोळ्यांची संख्या लिहिली, मगच स्ट्रिप हातात दिली. दोन मिनिटं जास्त गेली, पण हे नियंत्रण मला पटलं. नव्यानं कुणी त्या वाटेला जाऊ नये म्हणून ते हवंच. प्रश्न आधीच अडकलेल्यांचा होता. लवकरच चंदीगडच्या पीजीआयमधले डॉक्टर टॅपेंटाडॉलच्या व्यसनाचे पेशंट नोंदवू लागले. ट्रॅमाडॉलचंच हे धाकटं भावंड कायद्याच्या त्या यादीत नव्हतं. तिसरं स्टेशन आलं!

आणि ही गाडी समुद्रापलीकडेही गेली. पश्चिम आफ्रिकेत, नायजेरिया आणि घानासारख्या देशांत, भारतातून जाणारं ट्रॅमाडॉल गल्लोगल्ली विकलं जायचं. डोस २२५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे डॉक्टर एका वेळी देतात त्याच्या दुपटीहून जास्त. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल कायद्यात आलं. त्याच वर्षी नायजेरियानं कोडीनच्या कफ सिरपवर बंदी घातली. दोन वाटा बंद झाल्यावर त्या बाजारात टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांची एकत्र गोळी दिसू लागली. कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध, सवय लागते म्हणून युरोपात बंद केलेलं. दोन्हींची ही जोडगोळी जगात कुठेही औषध म्हणून मंजूर नव्हती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीनं याचा माग काढला आणि तो पोचला मुंबईच्या एका कंपनीपर्यंत. कारखाना पालघर जिल्ह्यात. मग धावपळ झाली. राज्याच्या एफडीएनं धाड घातली, साठा जप्त झाला आणि केंद्रानं या जोडगोळीच्या उत्पादनाच्या आणि निर्यातीच्या परवानग्या मागे घेतल्या. योग्यच झालं. पण घानातल्या एखाद्या गावात ती गोळी खाणारा पोरगा त्या दिवशी बरा झाला नाही. आपण वीकेंडला ज्या रस्त्यानं डहाणूच्या बीचवर जातो, त्याच जिल्ह्यातून त्याची गोळी निघत होती, हे वाचून मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

दुखणाऱ्यांचं काय?

पुरवठा तोडण्याची आणखी एक किंमत आपण मोजली आहे, आणि तिचा नशेशी संबंधही नाही. १९८५ मध्ये आपला अमली पदार्थविरोधी कायदा आला. परवान्यांचं जंजाळ आणि शिक्षेची भीती इतकी, की हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९८५ मधल्या ७१६ किलोंवरून १९९७ पर्यंत १८ किलोंवर आला. वैद्यकीय वापरासाठी कायदेशीर अफू पिकवणारा देश आपला, आणि आपलेच कॅन्सरचे पेशंट वेदनेनं तळमळत गेले. २०१४ मध्ये कायदा सुधारून परवाने सोपे केले, पण एका पिढीच्या डॉक्टरांना मॉर्फिन लिहायची सवयच राहिली नव्हती.

मग रोखायचंच नाही का?

नाही, नाही, असं अजिबात नाही! ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. २००१ च्या सुरुवातीला तिथं हेरॉइनचा अचानक दुष्काळ पडला. १९९९ मध्ये ओपिऑइडच्या ओव्हरडोसनं १,११६ मृत्यू झाले होते, २००१ मध्ये ३८६ झाले. काही जण कोकेन आणि ॲम्फेटामिनकडे वळले, पण मृत्यूंचा आकडा पुन्हा पहिल्यासारखा उसळला नाही. तिथं मेथाडोनचे उपचार आधीपासून मोठ्या प्रमाणावर चालू होते. हेरॉइन मिळेना तेव्हा जायला एक बरी जागा होती.

फ्रान्सनं तर जागाच आधी तयार केली. १९९५ पासून तिथल्या साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहायची मुभा मिळाली. मेथाडोन काय किंवा ब्युप्रेनॉर्फिन काय, दोन्ही ओपिऑइडच, पण मोजून-मापून दिलेले. तलफ आणि विड्रॉवल थांबतं, माणूस कामावर जाऊ शकतो. चार वर्षांत फ्रान्समधले हेरॉइनच्या ओव्हरडोसचे मृत्यू जवळपास चार पंचमांशानं घटले.

अमेरिकेतही २०२३ मधले ओव्हरडोसचे सुमारे १ लाख ५ हजार मृत्यू २०२४ मध्ये ८० हजारांच्या आसपास आले. थांबलेला श्वास परत आणणारं नालोक्सोन २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळू लागलं. ब्युप्रेनॉर्फिन लिहिण्यासाठी डॉक्टरांना लागणारी खास परवानगी काढून टाकली. रस्त्यावरचा मालही बदलला. कशाचा वाटा किती यावर तज्ज्ञ अजून भांडताहेत, पण उपचार हाताशी आले हे खरं.

मेगाब्लॉकच्या दिवशी बेस्टनं जादा बस सोडल्या, तर रुळांवर उतरणारे कमी होतात. हिशेब इतका साधा आहे. आपल्याकडे पंजाबनं २०१७ पासून ब्युप्रेनॉर्फिन देणारे सरकारी ओपीडी दवाखाने उघडले. पुण्यात तर १९८६ मध्येच, गर्दनं घरं पोखरायला सुरुवात केली तेव्हा, डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. लं.च्या मदतीनं 'मुक्तांगण' उभं केलं. पुडी पकडणं पोलिसांचं काम, पण पुडी सुटलेल्या माणसाला बसायला जागा हवी, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

पण देशाच्या आकारापुढे हे फार थोडं आहे. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइड घेतात आणि त्यातल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. बेकायदा ड्रग्जच्या आहारी गेलेल्या २० जणांमागे एकालाच आयुष्यात कधीतरी दाखल होऊन उपचार मिळालेले असतात. उरलेले १९ जण प्रत्येक बंदीनंतर पुढची गाडी शोधत असतात.

म्हणून पुढच्या वेळी 'कोट्यवधींचा साठा जप्त' अशी बातमी मोबाइलवर आली की दोन प्रश्न विचारा. हे मिळेनासं झाल्यावर त्या लोकांना बाजारात दुसरं काय मिळणार? आणि त्यांच्या जिल्ह्यात ब्युप्रेनॉर्फिन देणारा दवाखाना आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्याचं उत्तर शोधायला फार दिवस लागणार नाहीत.

हे लक्षात असू द्या

• पाठदुखी, दाढदुखी, ऑपरेशननंतरचं दुखणं यासाठी डॉक्टरांनी ओपिऑइड दिलं तर घाबरू नका. सांगितलेल्या दिवसांपुरतंच घ्या.

• उरलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवू नका आणि 'मला याचा फरक पडला' म्हणून कलीगला देऊ नका.

• ओपिऑइडसोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या नकोतच. श्वास मंदावण्याचा धोका वाढतो.

• बरेच दिवस चालू असलेली गोळी स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

• मधे खंड पडल्यावर जुनाच डोस घेणं सगळ्यात घातक. शरीराची सवय गेलेली असते.

• कुणी उठत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळे पडत असतील तर वाट बघू नका. महाराष्ट्रात १०८ वर अॅम्ब्युलन्स बोलवा.

• स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी मदत हवी असेल तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६. फोन फुकट आहे.